तुम्ही विचारलंत म्हणून: बांधावर साग लावावा का?

मृग जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. रोपं सवलतीत मिळताहेत, बांध मोकळाच आहे, मग साग लावून टाकू का? लावा. पण कुदळीआधी सातबारा हातात घ्या.

लावायला कुणाची ना नाही. लाकडावर चालणाऱ्या उद्योगांनी कच्चा माल जंगलातून न उचलता शेतकऱ्यांकडून घ्यावा, असं 1988च्या राष्ट्रीय वन धोरणातच म्हटलंय. 2014ला कृषिवानिकीचं, म्हणजे शेतात पिकांसोबत झाडं वाढवण्याचं, स्वतंत्र राष्ट्रीय धोरणही आलं. घोडं अडतं ते तोडताना. महाराष्ट्राच्या 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, मोहही आहेत. झाड तुमचं, बांध तुमचा, तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आणि माल हलवायला वाहतूक परवाना लागतो. जंगलातलं लाकूड आणि शेतातलं लाकूड ट्रकमध्ये सारखंच दिसतं, म्हणून हा सगळा खटाटोप. सातबाऱ्यावर झाडाची नोंदच नसेल तर मालकी सिद्ध करता करता गिऱ्हाईक निघून जातं. तेव्हा पहिल्याच वर्षी ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून करायच्या पिकांच्या सरकारी नोंदीत) बांधावरची झाडं नोंदवा. बांध सामाईक असेल तर आधी मोजणी, नाहीतर शेजाऱ्याशी लेखी समजूत. वीस वर्षांनी भाऊबंदकीत झाड कुणाचं हे ठरत नाही.

आता लागवड. सागाला पाण्याचा निचरा होणारी, खोल जमीन हवी. चोपणात (खारवट, घट्ट जमिनीत) किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात तो खुरटतो. तिथे हट्ट करू नका. पिशवीतल्या रोपापेक्षा स्टंप, म्हणजे शेंडा नि बारीक मुळं छाटलेली रोपाची खुंटी, स्वस्त पडतो आणि नेटानं वाढतो. स्टंप अंगठ्याएवढा जाड, मूळ वीतभर, वर खोड जेमतेम 2–3 सेंमी. पहिल्या सरीला भुलू नका. जमीन वीतभर खोल ओली झाली की पहारीनं भोक पाडून तो उभा सोडा. मूळ आणि खोडाचा सांधा जमिनीबरोबर यायला हवा. मग टाचेनं माती गच्च दाबा. बहुतेक स्टंप मरतात ते इथेच: मुळाभोवती पोकळी राहते, तिथे पाणी साचतं आणि मूळ कुजतं. पिशवीतलं रोपच लावणार असाल तर 45 सेंमीचा खड्डा मे महिन्यात खणून तापू द्या, आणि तळाशी गोल वळलेली मुळं छाटूनच लावा. न छाटलेली मुळं स्वतःलाच फास लावतात, हे कळतं चार-पाच वर्षांनी, वाऱ्यात झाड कलंडल्यावर.

दोन झाडांत 3 मीटर ठेवा. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिण बांधावरची रांग तुमच्याच हरभऱ्यावर सावली धरते. उत्तर बांध बरा, पण तिथली सावली शेजाऱ्याच्या रानात जाते, म्हणून त्या बाजूला रस्ता किंवा नाला असेल तर उत्तम. मुळं पिकात शिरू नयेत म्हणून झाडापासून मीटरभर अंतरावर दीड-दोन फूट खोल चर काढा आणि दर दोन-तीन वर्षांनी उकरा.

'बारा वर्षांत लखपती' छापाच्या जाहिराती मात्र बाजूला ठेवा. कोवळ्या सागात पांढरं लाकूडच जास्त. त्याला वाळवी लागते आणि व्यापारी भाव पाडतो. दर असतो तो आतल्या तांबूस गाभ्याला, आणि गाभा भरायला काळच जावा लागतो.

एवढं थांबणं जमणार नसेल तर बांबू बघा. 2017च्या दुरुस्तीनं भारतीय वन कायद्यातल्या 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतातल्या बांबूला वनोपज म्हणून तोडीचा नि वाहतुकीचा परवाना लागत नाही. बेटं 5 मीटरवर लावा. चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठ्या मिळू लागतात. तोडायच्या त्या तीन वर्षांवरच्या, जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेरावर. पावसाळ्यात बेटाला विळा लावायचा नाही, तेव्हा नवे कोंब येत असतात.