तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हगर-मगर’ म्हणजे नक्की काय?

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचा चौथा अंक आला की हा प्रश्न येतोच. त्याआधी वर्गात खसखस पिकते. ‘हगर-मगर’ (hugger-mugger) हा त्यातला इंग्रजी शब्द मराठी पोरांपुढे खड्या आवाजात वाचायचा, म्हणजे मास्तरचीच परीक्षा! हसून झालं की कोणीतरी विचारतं, “सर, डिक्शनरीत दोन अर्थ आहेत, लपवाछपवी आणि गोंधळ. खरा कुठला?”

दोन्ही खरे, पण शेक्सपिअरच्या डोक्यात पहिला होता. पडद्याआड लपलेला राजाचा मंत्री पोलोनियस हॅम्लेटच्या हातून मरतो. प्रेत कुठंय विचारलं तर हा म्हणतो, महिनाभरात सापडलं नाही तर जिना चढताना वास येईलच. राजा घाईघाईने त्याला पुरून टाकतो. मग लोकांत कुजबुज सुरू होते, आणि राजा राणीपाशी कबूल करतो की ‘हगर-मगर’ पुरलं हा आपला मूर्खपणा झाला. लगेच पोलोनियसचा मुलगा लेअर्टीझ चवताळून हजर! बापाच्या थडग्यावर ना तलवार, ना घराण्याचं चिन्ह, ना धड विधी. मी वर्गात ‘गुपचूप उरकलं’ असं सांगतो. त्यातलं ‘उरकलं’ महत्त्वाचं. नुसत्या ‘गुपचूप’मध्ये ती घाई आणि तो गचाळपणा येत नाही.

शब्द शेक्सपिअरने घडवलेला नव्हे, आधीपासूनचा. टॉमस नॉर्थने 1579 मध्ये प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कची चरित्रं इंग्रजीत आणली, त्यात अँटनीचं म्हणणं असं, की सीझरला मानाने पुरावं, ‘हगर-मगर’ नको, नाहीतर लोक आणखी बिथरतील. म्हणजे तिथेही मोठ्या माणसाचं प्रेत आणि लोकांची धास्ती! शेक्सपिअरने नॉर्थ वाचलेला होता.

अठराव्या शतकातल्या संपादकांना मात्र हा शब्द गावंढळ वाटला असावा. त्यांनी तो काढून तिथे ‘खाजगीत’ अशा अर्थाचा सोवळा शब्द बसवला. कोशकार डॉ. जॉन्सनने शेक्सपिअरच्या नाटकांच्या आपल्या 1765 च्या आवृत्तीत मूळ शब्द परत आणला. हाच जास्त चांगला हे सिद्ध करायच्या भानगडीत मी पडत नाही, तो शेक्सपिअरने लिहिलेला आहे एवढं पुरे, असं त्याचं म्हणणं. मला हे बेहद्द आवडतं.

आता वापराचं. हल्लीच्या इंग्रजीत तो बहुतेक वेळा सावळागोंधळ या अर्थाने भेटतो, नाम म्हणून आणि विशेषण म्हणूनही. गप्पांत, लेखात खुशाल वापरा. नोकरीच्या अर्जात किंवा प्रतिज्ञापत्रात मात्र नको, तिथे साधं ‘सिक्रेटली’ लिहा. साहेबही मराठी असू शकतो.