आमची वाटचाल : गेम कोणत्या कन्सोलवर न्यायचा?

आमचं काम पोर्टिंगचं. पीसीवर तयार झालेला दुसऱ्याचा गेम कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशा गेमच्या यंत्रावर, उतरवून द्यायचा. गिऱ्हाईक पहिल्याच बैठकीत विचारतं, "सगळ्यात भारी कन्सोल कोणता?" आमच्या लेखी यंत्राच्या ताकदीचा नंबर तिसरा. आधी बघायचं की काम किती वेळा नव्यानं करावं लागणार, आणि विक्रीआधी कुणाचे पैसे अडकणार.

सुरुवात एक्सबॉक्स वनपासून केली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये छोट्या स्टुडिओंसाठी योजना आणली. निवड झालेल्यांना दोन डेव्ह किट (गेम बनवायला आणि तपासायला लागणारे खास कन्सोल) फुकट. शिवाय चित्रं काढणारी डायरेक्टएक्स ही प्रणाली पीसीवरचीच, त्यामुळे शेडरना (रंग-प्रकाश ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामना) फारसा हात लावावा लागत नाही. तिथून प्लेस्टेशन ४ (पीएस४) जवळ होता, कारण दोन्हींत आठ कोअरचा एएमडी जॅग्वार प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी.

त्याआधीच्या पिढीत हे सुख नव्हतं. पीएस३ च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि गेमच्या वाट्याला सहा एसपीयू, म्हणजे छोटे मदतनीस कोअर. प्रत्येक एसपीयूची स्वतःची मेमरी फक्त २५६ केबी. डेटा त्यात आणून टाकायचा, काम झालं की बाहेर काढायचा, हे सगळं प्रोग्रामरनेच बघायचं. रॅम ५१२ एमबी, तीही २५६-२५६ अशी विभागलेली. एक्सबॉक्स ३६० मध्ये रॅम तेवढीच, पण एकत्र. त्यामुळे बरेच गेम आधी ३६० वर बनत आणि पीएस३ ची आवृत्ती मागून धापा टाकत येई.

पैसे अडकण्याचं ठळक उदाहरण निन्टेंडो ६४ चं. १९९६ मध्येही निन्टेंडो कार्ट्रिजला, म्हणजे गेम साठवलेल्या चिपच्या डबीला, चिकटून राहिलं. मोठ्यात मोठं कार्ट्रिज ६४ एमबीचं, तर सीडी साधारण ६५० एमबीची. कार्ट्रिज महाग, बनवून घ्यायची निन्टेंडोकडूनच. माल पडून राहिला तर फटका प्रकाशकाला. म्हणून स्क्वेअर कंपनीने १९९७ मध्ये फायनल फँटसी ७ हा गेम निन्टेंडोऐवजी प्लेस्टेशनवर काढला, तीन सीडींवर. आजही निन्टेंडोच्याच स्विच कन्सोलचं मोठं कार्ड महाग पडतं, म्हणून काही खोक्यांवर 'उरलेला भाग डाउनलोड करा' असं छापलेलं असतं. डिजिटल दुकानांचा हिस्सा सगळीकडे साधारण ३० टक्के, त्यावरून निवड ठरत नाही.

स्विच मात्र अशक्त असूनही टाळता येत नाही. रॅम ४ जीबी, चिप टेग्रा एक्स१, आणि विक्री १५ कोटींच्या वर! इथे पहिली कात्री टेक्श्चरला, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांना, लागते. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्श्चर कॉम्प्रेस न करता ६४ एमबी खातं. बीसी७ या कॉम्प्रेशन पद्धतीत १६ एमबी, एएसटीसी या दुसऱ्या पद्धतीच्या ६ × ६ पिक्सेलच्या ब्लॉकमध्ये जेमतेम ७. मिपमॅपसाठी (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रतींसाठी) वर एक तृतीयांश धरा. नॉर्मल मॅपला (पृष्ठभागाचे उंचसखलपण दाखवणाऱ्या टेक्श्चरला) मात्र ६ × ६ लावू नका, चकाकत्या पृष्ठभागावर चौकडे दिसतात. तिथे ४ × ४ च बरं.

एक्सबॉक्सवर वेगळीच मेख आहे. नंतरच्या पिढीत दोन मॉडेलं: सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी, सिरीज एसमध्ये १०, आणि गेम दोन्हींवर चालायला हवा. बाल्डर्स गेट ३ हा गेम पीएस५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळणं) बसत नव्हती, शेवटी मायक्रोसॉफ्टने तेवढी सूट दिली. म्हणून आम्ही मोजमाप एसवरच सुरू करतो.

अंदाजपत्रक सर्वात जास्त चुकतं ते सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे विक्रीआधी कन्सोल कंपनी गेम तपासते तेव्हा. नियमांची यादी करारामुळे इथे देता येत नाही, पण गेम परत येतो त्या चुका साध्याच असतात. कंट्रोलरची बॅटरी संपली तरी गेम थांबत नाही. स्टोरेज भरलं की सेव्ह गुपचूप बुडतो. निन्टेंडोवर 'ए' उजवीकडे, एक्सबॉक्सवर खाली. बटणाचं चित्र एक आणि काम दुसरंच. सगळ्यात चिवट चूक झोपेतून उठण्याची. कन्सोल तीन तास स्लीपमध्ये राहिला, गेमने वेळ घड्याळावरून मोजली, की ते तीन तास एकाच फ्रेममध्ये येऊन आदळतात आणि पात्र जमिनीतून खाली जातं. डेल्टा टाइमला, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेला, ०.१ सेकंदाची कमाल मर्यादा घाला, काम भागतं. तरीही फेरतपासणीसाठी वेळापत्रकात दोन आठवडे मोकळे ठेवा, आणि रिलीजची तारीख पास झाल्यावरच जाहीर करा.