रद्दी

"ताई, ह्याच्यात पाला हाय," म्हणत रद्दीवाल्याने एक गठ्ठा तराजूवरून उचलला आणि झटकणार, तेवढ्यात मी तो त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. तो बघतच राहिला. चार जुन्या पेपरांसाठी एवढी चिकट बाई त्याने पाहिली नसावी.

रद्दीच्या बाबतीत मी आहेच चिकट. रानातून आणलेली झाडं वर्तमानपत्रात घालून, दोन फळ्यांमध्ये दाबून, पट्टे आवळून वाळवायची, हा आम्हा वनस्पती-अभ्यासकांचा धंदा. त्यामुळे पेपरची किंमत आम्ही मजकुरावर ठरवत नाही. रंगीत पुरवण्या बाद. गुळगुळीत कागद पाणी पीत नाही, आत झाड काळं पडतं. जाहीर नोटिसांचं खरखरीत पान उत्तम. पहिले काही दिवस कागद रोज बदलायचे, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. आणि आम्हाला हवी असलेली निम्मी झाडं नेमकी पावसाळ्यातच उगवतात. राजापुरात एका लॉजवर मी खोलीभर दोऱ्या बांधून ओले पेपर वाळत घातले होते. चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने दारातूनच विचारलं, "मॅडम, कालचा पेपर भिजला तर आजचा आणून देऊ का?"

कागद बदलताना वाचायचा नाही, असा नियम आहे. तो कोणी पाळत नाही. सीतेची आसवं नावाच्या रानफुलाखाली 'वधू पाहिजे'ची अख्खी पुरवणी मी वाचून काढलेली आहे.

शिकत होते तेव्हा एका मोसमाचा सगळा संग्रह आईने दिवाळीच्या साफसफाईत विकून टाकला होता. तिचं म्हणणं, "नुसता पालापाचोळा होता गं त्यात, मी झटकून दिला." झटकून दिला म्हणून भाव बरा आला, हेही तिने सांगितलं. चार महिने कातळावर पालथं पडून जमवलेली झाडं! मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईने आळूचं फदफदं केलं.

खरं तर ह्या नादाची सुरुवात तिच्याच माहेरी झाली. आजीच्या परसात, न्हाणीच्या भिंतीला लागून पानफुटी होती. तिचं मांसल पान पुस्तकात ठेवायचं आणि रोज चोरून बघायचं. आठवड्याभरात पानाच्या कडेच्या खाचांतून फिकट, केसासारखी मुळं आणि डाळीएवढी पानं बाहेर यायची. माती नाही, पाणी नाही, वर भूगोलाचं ओझं, आणि हे आपलं उगवतंय! पुस्तकाला डाग पडले म्हणून मी मारही खाल्लाय. पान आफ्रिकेच्या नकाशावर ठेवलं होतं असं लिहायचा मोह होतोय, कारण पानफुटी मूळची मादागास्करची. पण ते कुठल्या पानावर होतं हे आता खरंच आठवत नाही.

म्हणजे पंचाईत बघा. जन्मभर देशी झाडांचा घोष करणाऱ्या बाईचं पहिलं प्रेम परदेशी. रोपवाटिकेत आम्ही दुधाच्या पिशव्यांत ऐन, किंजळ, हिरडा, वावळ लावतो. हिरड्याची कवची इतकी टणक की बी रुजेपर्यंत आपल्यालाच मुळं फुटायची. परदेशी गिरीपुष्पाचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी. कोणी गुलमोहराचं कौतुक करायला लागलं की मी "तोही मादागास्करचाच" म्हणून त्याच्या आनंदावर पाणी टाकते. दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधताना "हा मेक्सिकोचा" हे यंदाही माझ्या तोंडून निघालंच. नवरा म्हणाला, "मग भजीतली मिरची बाजूला काढून ठेव, तीही तिकडचीच." बाल्कनीतल्या कुंडीत आजीच्या पानफुटीचा वंश अजून आहे, त्याबद्दल मात्र तो बिचारा काही बोलत नाही.

तर तो गठ्ठा. उघडला तर आत गेंद, कातळावरचं पावसाळी रानफूल. वितभर दांड्यावर पांढरट गुंडी, तीही आता पिवळी पडलेली. लेबल नाही. कुठून आणला, कोणत्या तारखेला, शेजारी काय होतं, काही नाही. आणि लेबल नसलेलं झाड म्हणजे पालाच. रद्दीवाला बरोबरच बोलत होता. गेंदांच्या जाती अशा की बी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय पत्ता लागत नाही. जात एक वेळ लागेलही. गाव कसं लागणार?

पेपरवर तारीख होती, जुलै २०११. त्या पावसाळ्यात मी तीन सड्यांवर गेले होते. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. उन्हाळ्यात बघाल तर नुसता कातळ, सरकारदरबारी पडीक. पाऊस पडला की बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी रानफुलं. 'पडीक' म्हटलं की कोणालाही तिथे झाडं लावायचा उमाळा येतो. आमच्यातल्याच काही उत्साही मंडळींनी एका सड्यावर पहारीने खड्डे खणून वृक्षारोपण केलं, फोटो काढले. झाडं पुढच्या मार्चात वाळली, खड्डे राहिले. दुसऱ्यावर सुरुंग लावून, बाहेरून माती आणून हापूसची कलमं केली आहेत. कलमं छान आहेत. आंबा मी खाल्ला आहे.

तिसऱ्यावर त्यानंतर मी गेलेले नाही.

"ताई, हे राहू दे का?" रद्दीवाल्याने विचारलं.

मी पेपर तसाच दुमडला आणि वर पेन्सिलीने 'गेंद, सडा, २०११?' एवढं लिहिलं. असलं लेबल विद्यार्थ्याने आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. मग रंगीत पुरवण्यांचा ढीग त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "तो राहू दे. ह्या घेऊन जा."