ठिणगीच्या मागचा प्रश्न

रविवार, रात्री साडेअकरा

गड्ड्याच्या जत्रेतून घरी येईस्तोवर दहा वाजले. भाचीने अंधारातच नायलॉनचा स्वेटर डोक्यावरून ओढला आणि केसांत चट्‌चट् ठिणग्या उडाल्या. जानेवारीतली सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत. दादाच्या कारखान्यातही या दिवसांत पॉलिस्टरचं सूत असंच अंगाला चिकटतं. मी सवयीने सांगून टाकलं, घासल्यामुळे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे जातात, म्हणून ठिणगी.

ती म्हणाली, "आत्या, ते जातात कळलं. पण इलेक्ट्रॉनमध्ये चार्ज आला कुठून?"

गेली कित्येक वर्षं मी हा धडा शिकवते. मला पटकन उत्तर देता आलं नाही. आता सगळे झोपलेत, म्हणून लिहिते आहे.

इलेक्ट्रॉन 1897 मध्ये सापडला. पुढे मिलिकन या शास्त्रज्ञाने तेलाच्या थेंबांवरून त्याचा प्रभार, म्हणजे चार्ज, मोजला. पण मोजमाप म्हणजे उगम नव्हे. इलेक्ट्रॉनच्या पोटात आणखी काही असल्याचं आजवर दिसलेलं नाही, त्यामुळे घागरीत पाणी भरावं तसा प्रभार त्याच्यात कुणी भरला, असं म्हणता येत नाही. विद्युतचुंबकी क्षेत्राशी त्याचं जे नातं आहे, त्या नात्याचं माप म्हणजे प्रभार.

प्रोटॉनचं तसं नाही. तो क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचा बनलेला. इलेक्ट्रॉनचा प्रभार −1 धरला, तर दोन 'अप' क्वार्क, प्रत्येकी +2/3, आणि एक 'डाऊन' क्वार्क, −1/3. बेरीज बरोबर +1. मी इथेच अडकते, दरवेळी. तीन तुकड्यांच्या प्रोटॉनचा आणि एकसंध इलेक्ट्रॉनचा प्रभार, चिन्ह उलटं असलं तरी, इतका तंतोतंत सारखा कसा? अब्जाच्या अब्जाव्या भागाएवढा जरी फरक असता, तरी हायड्रोजनचे अणू गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना जितके ओढतात तितकेच ढकलू लागले असते. मग वायूचे ढग आकसले नसते, सूर्य पेटला नसता. प्रयोगांत तर त्याच्याही हजाराव्या भागाएवढा फरक आढळलेला नाही.

एक हिशेब मला फार आवडतो. प्रत्येक क्वार्क तीन 'रंगांत' असतो (हे रंग नावापुरतेच). एका रंगाच्या अप-डाऊन जोडीची बेरीज +1/3, तिन्ही रंगांची +1. त्यात इलेक्ट्रॉनचा −1 आणि न्यूट्रिनो या प्रभार नसलेल्या कणाचं शून्य मिळवलं की सगळं शून्य. ही बेरीज चुकली असती तर या कणांचा आजचा सिद्धान्तच आतून विस्कटला असता. म्हणजे क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांचं काहीतरी आतलं नातं असणार, असं मला मनापासून वाटतं. 1974 मध्ये जॉर्जाय आणि ग्लॅशो या भौतिकशास्त्रज्ञांनी क्वार्क आणि इलेक्ट्रॉन या दोघांना एकाच कुटुंबात बसवलं, तेव्हा 1/3 चे हे तुकडे आपोआप जुळून आले. मात्र त्या हिशेबाने प्रोटॉनही कधीतरी फुटायला हवा. 1980च्या दशकात आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल, शास्त्रज्ञ त्याचीच वाट पाहत होते. जपानमध्ये 50,000 टन पाण्याच्या टाकीभोवती अजून पाहताहेत. प्रोटॉन फुटल्याचा पक्का पुरावा मिळालेला नाही.

तेव्हा भाचीच्या प्रश्नाचं शेवटचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, आणि हे मी तिला तसंच सांगणार आहे. पण ती बेरीज तिला स्वतःच्या हाताने करू दे. दादाला उद्या कारखान्यातून लाल, हिरव्या आणि निळ्या सुताच्या कांड्या आणायला सांगितल्या आहेत, प्रत्येक रंगाच्या दोन. इलेक्ट्रॉनसाठी एक पांढरी.