वजनकाट्याचा सर्व्हर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) संगणकांची देखभाल गेली आठ वर्षे माझ्याकडे आहे. मे महिन्यातल्या एका सकाळी मालकांनी बोलावून घेतले आणि जुने चार सर्व्हर, म्हणजे बाकी सगळ्या संगणकांना माहिती आणि सॉफ्टवेअर पुरवणारी मुख्य यंत्रे, काढून त्यांच्या जागी दोन-दोन प्रोसेसरचे दोन नवे रॅक सर्व्हर बसवण्याचे कोटेशन मागितले. "साहेब, मोठंच घेऊन टाकूया की, पुढं लागतंयच," असा त्यांचा हिशेब होता. पंचवीस संगणक, ईआरपी (कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर), टॅली, ओतकामाच्या पॅटर्नची ड्रॉइंग आणि हजेरीचे यंत्र एवढ्या कामाला ते फार मोठे पडेल हे मला दिसत होते, पण तोंडी सांगून पटण्यासारखे नव्हते. म्हणून प्लगमध्ये लावायचे वॅटमीटर घेऊन मी सर्व्हर रूममध्ये गेलो.

खोलीतला एसी १८ अंशांवर होता आणि अकाउंटंटचा स्वेटर दाराच्या खुंटीला कायमचा टांगलेला होता. रॅकवर मात्र फाउंड्रीतली ती काळी भुकटी बोटाने नाव लिहावे इतकी साचली होती. पहिल्या सर्व्हरचे दोन्ही पॉवर सप्लाय (यंत्राला वीज पुरवणारे भाग) मिळून ३१० वॅट घेत होते. ब्लोअरने जाळ्या साफ केल्यावर पंख्यांचा आवाज उतरला आणि मीटरवरचा आकडाही २८४ वर आला. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी वीज साधारण आठपट होते, त्यामुळे तुंबलेल्या जाळीमागे धापा टाकणारा सर्व्हर काहीही काम न करता वीज खातो.

प्रत्येक सर्व्हरला दोन केबल असल्याने एकेक काढून मीटरमध्ये लावायची आणि तोवर यंत्र दुसऱ्या केबलवर चालू ठेवायचे, अशी माझी पद्धत. दुसऱ्या सर्व्हरपर्यंत ती बिनबोभाट चालली. तिसऱ्याची पहिली केबल ओढली आणि सगळे पंखे एकदम शांत झाले. काळजात धस्स झाले. त्याचा दुसरा पॉवर सप्लाय कधीचाच जळालेला होता आणि तसे सांगणारा मागचा पिवळा दिवा त्याच भुकटीखाली झाकला गेला होता. देखभाल माझ्याकडे असल्याने ही चूकही माझीच होती.

मी केबल परत लावायला हात पुढे केला आणि थांबलो, कारण बाहेर कोणीच ओरडत नव्हते. अकाउंट्स, स्टोअर, ड्रॉइंग विभाग, सगळीकडे काम नेहमीसारखे चालू होते. मालकांना झाला प्रकार सांगितला आणि त्यांच्या परवानगीने तो सर्व्हर तसाच बंद ठेवला. अकरा वाजले, जेवणाची सुट्टी झाली, तीन वाजले. पावणेचारला गेटवरून फोन आला, "वजनकाट्याची पावती निघंना झालीया."

नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा कळले की टॅली आणि ड्रॉइंग दुसरीकडे हलवल्यानंतर त्या दोन प्रोसेसरच्या यंत्रावर फक्त वजनकाट्याचे सॉफ्टवेअर उरले होते, आणि भंगाराचे चार-पाच ट्रक तोलण्यासाठी ते रात्रंदिवस २४३ वॅट खात होते. तो सर्व्हर मीच विकला होता, "पुढे लागेल" हे त्या वेळचे वाक्यही माझेच, आणि मालकांनी सकाळी ते मलाच परत ऐकवले होते.

संध्याकाळी चहाबरोबर हिशेब मांडला. चौघांचे मिळून ९९० वॅट होत होते आणि प्रोसेसरचा सरासरी वापर सात टक्क्यांच्या पुढे नव्हता. एक वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. म्हणजे साडेआठ हजारांहून अधिक युनिट, त्यावर यूपीएसमधली घट आणि ती उष्णता बाहेर काढणारा एसी वेगळाच. छोट्या कारखान्याचा सर्व्हर दिवसाचा बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो, त्यामुळे माहितीपत्रकातील कमाल क्षमतेपेक्षा रिकामा असताना तो किती वॅट घेतो हे मी आता आधी विचारतो, आणि विक्रेत्याने ते सांगायला टाळाटाळ केली तर त्या मॉडेलवर फुली मारतो.

अखेर एकाच प्रोसेसरचा सर्व्हर ठरला: एएमडीचा एपिक ८१२४पी, १६ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १२५ वॅटचा. विंडोज सर्व्हरचा परवाना तसाही किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो, तेव्हा त्याहून कमी कोअर घेऊन परवान्यात काही वाचले नसते आणि तेवढ्याच कोअरच्या दुसऱ्या प्रोसेसरमुळे तो खर्च वाढला असता. उंची मुद्दाम दोन यू (रॅकमधील उंचीचे माप) घेतली, कारण एक यू म्हणजे पावणेदोन इंच आणि तेवढ्या फटीत बसणारे छोटे पंखे फार वेगाने फिरवावे लागतात. विक्रेता ११०० वॅटचे दोन पॉवर सप्लाय देत होता. रिकाम्या सर्व्हरचा भार दोघांत वाटला तर प्रत्येकावर जेमतेम पाच टक्के येतो आणि इतक्या कमी भाराला पॉवर सप्लायची कार्यक्षमता ढासळते. म्हणून ६०० वॅटचे, '८० प्लस' या कार्यक्षमतेच्या मानांकनातील टायटॅनियम दर्जाचे मागवले. या दर्जाला १० टक्के भारावरही ९० टक्के कार्यक्षमतेची अट असते. शिवाय एकाने भार वाहावा आणि दुसऱ्याने सज्ज राहावे अशी सेटिंग केली. जुन्यांपैकी सर्वांत नवा सर्व्हर बॅकअपसाठी ठेवला. तो रात्री दोन तास आपोआप चालू होतो. एसी २५ अंशांवर आणला, कारण सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश ही शिफारस केलेलीच मर्यादा आहे. माझे कोटेशन मूळ मागणीच्या निम्म्याखाली आले आणि अर्थातच माझा नफाही.

जुलैत नवे यंत्र बसले. रिकामे असताना मीटरवर ११२ वॅट दिसले, कामाच्या दिवशी १५० च्या आसपास. सगळे सुरळीत चालू झाल्यावर मालकांना खोलीत बोलावले, वजनकाट्यावर एक ट्रक उभा करायला सांगितला आणि त्यांच्यासमोर मुद्दाम एक केबल ओढली. पंखे फिरत राहिले, मागे पिवळा दिवा लागला, मालकांच्या मोबाइलवर बिघाडाचा ईमेल आला आणि गेटवर पावती निघाली.