पाचशे पाच

आपल्या शिक्षकांवर या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील, आणि लिहायलाच हवं. मला लिहायचंय ते शाळेबाहेरच्या काही माणसांवर. वर्षातून एका रविवारी ती शाळेत यायची, आम्हाला गणिताचा पेपर द्यायची आणि दिवेलागणीच्या आत निघून जायची. बेळगावात नोकरी करणाऱ्या इंजिनीयरांची ती मंडळी. कुणी पीडब्ल्यूडीतले, कुणी वीज मंडळातले, बरेचसे उद्यमबागेतल्या कारखान्यांतले. आपल्या संस्थेच्या कामाचा भाग म्हणून आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी ते स्पर्धा घ्यायचे. बक्षीस म्हणजे कंपासपेटी आणि एक वही. यळ्ळूर, धामणे, वडगावची आम्ही पोरं सायकलवर डबलसीट येऊन वेळेच्या कितीतरी आधी वर्गात बसलेली असायचो.

पेपर सायक्लोस्टाइल केलेला, एका बाजूला मराठी, पाठीमागे कन्नड. एरवी शाळेबाहेरची कुठलीही परीक्षा म्हटली की इंग्रजी वाचण्यातच आमचा अर्धा वेळ जायचा. इथे प्रश्न सरळ डोक्यात शिरायचा आणि वेळ गणितालाच मिळायचा. पेपर दोन्ही भाषांत काढायचा हे ज्याने कुणी ठरवलं, त्याचे उपकार मी अजून मानतो.

आठवीच्या वर्षीचा एक प्रश्न मला जसाच्या तसा आठवतो. ओतीव लोखंड थंड होताना लांबीत एक टक्का आकसतं. ५०० मिलिमीटर लांबीचं कास्टिंग हवं असेल तर पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा घडवतात तो नमुना, किती लांबीचा करावा? माझे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. ‘रस थंड झाला की आटतंय बघ, त्याचा हिशेब आधीच धरायला लागतंय’ हे मी जेवताना कितीदा ऐकलं होतं. पॅटर्नमेकरकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरचे मिलिमीटर मुद्दामच किंचित मोठे आखलेले असतात. घरातली ती गोष्ट छापील प्रश्नात बघून मला जो आनंद झाला, तो मार्कांचा नव्हता.

जवळजवळ सगळ्यांनी ५०५ लिहिलं. पेपर तपासून झाल्यावर एक साहेब फळ्यापाशी आले. कोण चुकलं ते त्यांनी सांगितलंच नाही. म्हणाले, “आता पाचशे पाचातून एक टक्का वजा करून बघा.” आले ४९९.९५. वर्गात कुजबुज सुरू झाली. आकसतो तो पॅटर्नच्या मापाचा टक्का, म्हणून ५०० ला ०.९९ ने भागायचं, उत्तर ५०५.०५ च्या आसपास. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, पाच भागांचा. “एवढ्यानं फाउंड्रीत कुणाचं काही अडत नाही,” साहेबच म्हणाले. “पण पोलाद दोन टक्के आकसतं. आता करा.” ५१० मधून दोन टक्के गेले, राहिले ४९९.८०. टक्के दुप्पट झाले आणि चूक झाली चौपट. असं का, ते त्यांनी सांगितलं नाही. “घरी जाऊन शोधा” म्हणाले. आमच्या गणिताच्या सरांनी पुढचा अख्खा तास याच गोष्टीला दिला आणि (१ + क्ष)(१ − क्ष) = १ − क्ष² हे विस्तारसूत्र त्या दिवसापासून माझं झालं. चूक त्या क्ष² ची, म्हणून टक्के दुप्पट की चूक चौपट. पुस्तकात ते आधीपासून होतंच.

दुपारनंतर गटाची फेरी. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, त्यामुळे मराठी शाळेची पोरं आणि कन्नड शाळेची पोरं एकत्र यायची. सीमाभागात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, आम्ही एकाच बाजारात फिरत होतो, पण एका बाकावर कधी बसलो नव्हतो. आमच्या गटाला एक लांब दोरी आणि फूटपट्टी मिळाली. शाळेमागच्या पाण्याच्या गोल टाकीत किती लिटर पाणी मावेल ते काढायचं, आत उतरायचं नाही. मी दोरी गुंडाळून घेर मोजला, २२/७ लावून त्रिज्या काढायला बसलो. गटातली कन्नड शाळेची मुलगी टाकीच्या काठाकडे बोट दाखवत राहिली. तिचं मराठी तोडकं, माझं कन्नड त्याहून तोडकं. मग तिने पट्टी काठावर आडवी ठेवली तेव्हा कळलं. दोरी बाहेरून गेली होती, पाणी आत असतं, मधे भिंत! घेर ८.८ मीटर असेल आणि भिंत १० सेंटीमीटरची असेल, तर बाहेरच्या मापाने येणाऱ्या उत्तरापेक्षा सुमारे १४ टक्के पाणी कमी मावतं. मी मराठी आकडे मांडत होतो, ती इंग्रजी. मातीत दोन्ही शेजारी शेजारी उभे राहिले आणि जुळले.

माझं पुढचं शिक्षणही त्या मंडळींमुळेच झालं. डिप्लोमानंतर घरच्या परिस्थितीमुळे नोकरी धरावी लागली. तेव्हा त्याच साहेबांनी एएमआयईचा फॉर्म आणून दिला. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीयर्स ही १९२० साली स्थापन झालेली, १९३५ मध्ये रॉयल चार्टर मिळालेली संस्था. तिची ही परीक्षा नोकरी सांभाळून देता येई. सेक्शन ए आणि सेक्शन बी पार केलं की पदवीच्या बरोबरीचं मानत. ३१ मे २०१३ नंतर नोंदणी करणाऱ्यांसाठी ती मान्यता राहिली नाही, आणि उद्यमबागेत पाळी करून शिकू पाहणाऱ्या पोरांची एक वाट बंद झाली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या भाचीचा मुलगा अमेरिकेत शिकतो. तो मॅथकाउंट्स नावाच्या स्पर्धेची तयारी करताना पाहिला आणि मी चकित झालो. तीही इंजिनीयरांच्या संघटनेने, गणित शिक्षकांच्या संघटनेला सोबत घेऊन, १९८३ साली उभी केलेली. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. एका फेरीत ४० मिनिटांत ३० प्रश्न, कॅल्क्युलेटरशिवाय. दुसऱ्या एका फेरीत चार मुलांनी मिळून २० मिनिटांत १० प्रश्न सोडवायचे, आणि तिथे आपसात बोलायला मोकळीक! परीक्षेत बोललं की कान पिळला जाण्याच्या काळात आमच्या साहेबांनी टाकीभोवती आम्हाला भांडू दिलं होतं. गणिताचं ऑलिम्पियाड निवडक मुलांसाठी असतं आणि ते असावंच. १९८९ साली भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला गेला. पण मधल्या बाकावरच्या मुलाला ‘कसं काढलंस?’ असं विचारणारा परका मोठा माणूस भेटणं, ही गरज ऑलिम्पियाडने भागत नाही.

ती स्पर्धा पुढे कधीतरी थांबली. म्हणून महोत्सव समितीला माझी विनंती आहे. दरवर्षी १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, शहरात अभियंता दिनाची भाषणं आणि सत्कार होतात. त्याच आठवड्यातला एक रविवार सातवी-आठवीच्या मुलांना द्यावा. मराठी आणि कन्नड दोन्ही पेपर काढायची जबाबदारी मी आणि माझे कारखान्यातले सहकारी घेतो. कन्नड शाळांना निमंत्रण शाळेच्या नावाने जायला हवं. वर्ग चार लागतील, दोऱ्या आणि टेप आम्ही आणू. शाळेमागची टाकी अजून असेल तर ती पाडू नका.