पवनचक्कीच्या शेजारची जमीन आणि तिघा भावंडांची वाटणी

सातारा जिल्ह्यात पाटणच्या वर, कोयना जलाशयाच्या माथ्यावर वनकुसवडेचे पठार आहे. त्या पठारावरच्या एका गावातील दोघे भाऊ आणि त्यांची बहीण यांच्या सामाईक जमिनीचे मूल्यांकन करण्यासाठी मी गेलो होतो. मूल्यांकनकाराला सहसा आपापल्या जमिनीचा भाव वाढवून मागणारी माणसे भेटतात. इथे मात्र वाटणी असल्यामुळे प्रत्येक भाऊ दुसऱ्याच्या वहिवाटीतला तुकडा महाग धरण्याचा आग्रह करीत होता.

थोरल्याकडे वरचा माथा होता. तिथे जांभ्याचा कातळ आणि अधूनमधून नाचणीची वावरे. धाकट्याकडे खालचा, पवनऊर्जा कंपनीने पवनचक्कीच्या पात्यांचे लांब ट्रेलर नेण्यासाठी केलेल्या रस्त्याला लागून असलेला तुकडा होता आणि तिथे त्याने नवे घर बांधले होते. थोरल्याने चुलत्याचे जुने खरेदीखत माझ्यासमोर ठेवले. "साहेब, कंपनीनं चुलत्यांना जो भाव दिला, तोच रस्त्याकडंच्या जमिनीला धरा की." त्यावर धाकटा म्हणाला, "मग दादाच्या माथ्यावर उद्या पंखा बसंल, त्याचं काय?" बहिणीला जमीन नको, रोख रक्कम हवी होती, त्यामुळे तिला दोघांचेही म्हणणे मान्य होते.

खरेदीखतातला भाव त्या वर्षीच्या रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, कित्येक पट होता आणि तो खोटाही नव्हता. पण तो कशाचा भाव होता, हे समजून घ्यावे लागते. त्या काळी आयकरात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा, म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत, मिळत असे, मात्र यंत्र त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी चालले तर तो निम्म्यावर येई. त्यामुळे सप्टेंबर संपण्याच्या आत यंत्र फिरायला हवे, अशी गुंतवणूकदाराला घाई असे, आणि वाऱ्याच्या मोजणीत बसलेली नेमकी ती काही गुंठे जागा मिळवण्यासाठी तो सांगाल ती किंमत मोजत असे. त्या रकमेत आयकराची बचत आणि मुदतीची निकड दोन्ही मिसळलेली होती. बांधापलीकडच्या शेतकऱ्याला तसा खरेदीदार मिळणार नव्हता. ज्यांत कंपनी पक्षकार नव्हती असे आसपासचे व्यवहार मी सूची दोनमधून, म्हणजे निबंधक कार्यालयातील दस्तनोंदींतून, काढले, तेव्हा जमीन यंत्रापासून किती जवळ आहे यापेक्षा गाडी बांधापर्यंत जाते की नाही यावर भाव ठरत असल्याचे दिसले.

म्हणून रस्त्याचा मुद्दा खरा होता, पण अर्धाच. कंपनीने तो पट्टा स्वतः विकत घेतला होता, गावनकाशावर रस्ता नव्हता आणि वहिवाटीचा हक्क कुठेही लिहिलेला नव्हता. शिवाय धाकट्याच्या तुकड्यावरून 33 केव्हीची वीजवाहिनी गेली होती. वाहिनीखालील जमिनीच्या भरपाईबाबत केंद्राने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना 66 केव्ही व त्यावरील वाहिन्यांसाठी आहेत. त्यामुळे या वाहिनीपोटी धाकट्याला काही मिळण्याची आशा नव्हती. संध्याकाळी पश्चिमेच्या यंत्राची सावली त्याच्या ओसरीवरून सरकत राहते, तेवढा वेळ घरातली माणसे पुढचे दार लोटून घेतात. हेही मी किंमत घटवण्याचे कारण म्हणून नोंदवले, कारण घर घेणारा एक दिवस तरी तिथे संध्याकाळपर्यंत थांबणारच.

माथ्याचा प्रश्न मोजणीने सुटला. जुनी लहान यंत्रे काढून मोठी बसवण्याचे केंद्राचे धोरण आहे, म्हणून धाकट्याची अटकळ हवेतली नव्हती. परंतु 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार राहत्या घरापासून 500 मीटरच्या आत नवे यंत्र उभारता येत नाही. मी धाकट्याच्या ओसरीपासून माथ्याच्या पार पलीकडच्या बांधापर्यंतचे अंतर काढले. ते साडेतीनशे मीटरच्या आसपास भरले. धाकटा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. थोरल्याला मात्र हसू आवरेना. "म्हंजे तुझ्याच घरानं माझा पंखा घालवला की रं!"

अहवालात मी माथ्याला जिरायत जमिनीचा दर लावला आणि रस्त्याकडच्या तुकड्याला त्याहून जास्त, पण चुलत्याच्या खरेदीखतापेक्षा पुष्कळ कमी. सर्वांत नाराज झाली ती बहीण, आणि तिची नाराजी मला रास्त वाटली; रोख घेऊन बाहेर पडणाऱ्याला पुढे नियम बदलले तरी काही मिळत नाही. म्हणून वकिलांनी वाटणीपत्रात एक अट घातली, की पुढील पंधरा वर्षांत कोणत्याही तुकड्यासाठी पवनऊर्जा कंपनीकडून रक्कम आली, तर अहवालातील किमतीच्या वरचा भाग तिघांत सारखा वाटला जाईल. धाकट्याने लगेच होकार दिला. थोरल्याने मात्र सही करण्याआधी विचारले, की घर पाडले तर अंतर पुन्हा मोजणार का.